'चश्मे बद्दूर' : बेकार पोरे, साबण विकणारी मुलगी आणि गाणी

मोठ्या शहरात काम नसलेला तरुण दिवसभर काय करतो, हा प्रश्न आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना नवा नाही. त्यावर सरकारी समित्या बसल्या, अहवाल निघाले, परिषदा भरल्या. पण त्याचे एक उत्तर असेही आहे की, तो गाणी रचतो. हे उत्तर एका हिंदी विनोदी चित्रपटाने १९८१ साली दिले. त्या चित्रपटाचे नाव 'चश्मे बद्दूर'. लेखन आणि दिग्दर्शन सई परांजपे यांचे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल आणि पोट धरून हसलाही असाल. आम्हीही हसलो. परंतु हसून झाल्यावर त्यातले जे मनात मागे राहिले ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी नावाविषयी. 'चश्म' म्हणजे डोळा, 'बद' म्हणजे वाईट आणि 'दूर' म्हणजे दूरच. वाईट नजर दूर राहो, असा त्या फारसी शब्दांचा अर्थ. आपल्या घरात तान्ह्या पोरावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात ना, तोच हा प्रकार. हे नाव चित्रपटाला का शोभते ते पुढे ओघाने येईलच.

गोष्ट तशी लहानच. दिल्लीत भाड्याच्या बिऱ्हाडात तीन मित्र राहतात. सिद्धार्थ हा अभ्यासू, अर्थशास्त्राची पुस्तके उशाशी घेऊन झोपावा असा. ओमी आणि जोमो हे दोघे मात्र पुस्तकांपासून सुरक्षित अंतरावर राहणारे. ओमीला शेरोशायरीचा नाद, जोमोला मोटारसायकलीचा. चित्रपटाची सुरुवातच एका सिगारेटवर होते. ती एक सिगारेट तिघांत फिरते. हातातून हातात जाते आणि आळस इतका की पायाच्या बोटांचाही उपयोग केला जातो. तीन माणसे, एक सिगारेट. बेकारीवरचा एवढा नेमका तक्ता आम्ही कोणत्याही अहवालात पाहिला नाही. आणि ही सिगारेट तरी रोखीची आहे का? नाही. कोपऱ्यावर लल्लनमियाँ नावाचा पानवाला आहे, त्याच्या उधारीच्या वहीत ती मांडलेली आहे. सईद जाफरी यांनी हा पानवाला असा काही उभा केला आहे की, तो पैसे मागतो तेव्हाही आपल्याला त्याचीच कीव येते. पोरांकडे पैसे नाहीत, म्हणून त्यांना बोलण्याखेरीज भांडवल नाही; आणि लल्लनमियाँ त्यांच्या बोलण्यावरच उधारी देत आला आहे. सारा चित्रपट या उधारीवर चाललेला आहे म्हटले तरी चालेल.

मग वस्तीत एक मुलगी दिसते, नेहा. ओमी आणि जोमो एकामागून एक तिच्या मागे जातात आणि दोघेही तोंडघशी पडून परततात. पण परतल्यावर मित्रांना खरे कसे सांगायचे? म्हणून दोघेही विजयाच्या कथा सांगतात. पुढे तीच मुलगी धुण्याची पूड विकायला त्यांच्याच दारात येऊन उभी राहते. हे दोघे लपून बसतात, दार सिद्धार्थ उघडतो, आणि ज्याने काही प्रयत्न केला नाही त्याच्याशी तिची ओळख जमते. फारुख शेख हा सिद्धार्थ, दीप्ती नवल ही नेहा, राकेश बेदी हा ओमी आणि रवी बासवानी हा जोमो. रवी बासवानीचा हा पहिलाच चित्रपट.

आता गाण्यांकडे येऊ. आपल्या चित्रपटांत गाणे का येते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. जेवणात मीठ असते तसे ते असायचेच, असे धरून चालतो. नायक आणि नायिका बागेत जातात, कोठूनसा वाद्यवृंद वाजू लागतो, आणि भर दुपारी ते मोठमोठ्याने गातात तरी बागेतल्या माळ्याला त्याचे काहीच वाटत नाही. या गाण्यावर आपला विश्वास बसतो तो असा की, कथा सांगणाऱ्यानेच ते सांगितले आहे, म्हणजे ते घडलेच असणार. सईबाईंनी येथे एक साधी पण फार हुशारीची गोष्ट केली आहे. ओमी आणि जोमो यांच्या बढाया जेथे रंगात येतात तेथेच त्यांनी गाणे घातले. म्हणजे पडद्यावर जे प्रणयगीत दिसते ते घडलेलेच नाही! ती थाप आहे आणि थापेला चाल लावली आहे. प्रेक्षकाला खरा प्रसंग ठाऊक असतो, त्यामुळे तो गाणे ऐकता ऐकता हसतो. एका ठिकाणी तर जुन्या हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांच्या ढंगांची एकापाठोपाठ एक नक्कल केलेली आहे. अमिताभ बच्चन आणि रेखा हे त्या वेळचे मोठे नट पाहुणे म्हणून घटकाभर येतात तेही अशाच कामासाठी. पडद्यावरचा नायक मुलीशी ओळख कशी करून घेतो याचा धडा त्यांनी द्यायचा, आणि आमच्या पोरांनी तो धडा गिरवायला जाऊन फजीत व्हायचे.

ही थट्टा कोणाची आहे? वरवर पाहता हिंदी चित्रपटाची. पण आम्हांला ती त्याहून खोल वाटते. खिशात दमडी नसलेल्या तरुणाजवळ अनुभव नसतो, म्हणून तो उसना आणावा लागतो. आणि उसना अनुभव मिळण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे चित्रपटगृहाचे पुढचे बाक. ओमी प्रेम करू पाहतो ते स्वतःचे नव्हे, कोणा नायकाचे. सिगारेट उधार, मोटारसायकलचे पेट्रोल उधार आणि प्रेमाचे गाणेही उधार.

याच चित्रपटात दुसऱ्या तऱ्हेचेही गाणे आहे. नेहा संध्याकाळी संगीताच्या वर्गाला जाते. विनोद नागपाल यांनी तिच्या गुरुजींचे काम केले आहे. तेथे ती बसून शिकते, तीच ओळ पुन्हा पुन्हा घोटते. राजकमल यांनी या गाण्यांना बंदिशीच्या वळणाच्या चाली दिल्या, गीते इंदू जैन यांची, आणि आवाज केरळच्या येसुदास यांचा व बंगालच्या हैमंती शुक्ला यांचा. एका गाण्यात दाराशी उभ्या असलेल्या काळ्या घोडीचे जुन्या धाटणीचे रूपक आहे आणि पडद्यावर मात्र काळी मोटारसायकल दिसते. हा विनोद इतका हलक्या हाताने केलेला आहे की, गाण्याच्या गोडीला बाध येत नाही. म्हणजे एकाच चित्रपटात गाण्याच्या दोन जाती आहेत. ज्यांना वेळच वेळ आहे ती पोरे गाणे कल्पितात. जिला दिवसभर पायपीट आहे ती मुलगी वेळ काढून गाणे शिकते. आम्ही चित्रकलेतले किंवा संगीतातले जाणकार नव्हे, रात्रशाळेत आणि वाचनालयात जे हाती लागले त्यावर आमचे शिक्षण झाले. पण ही दोन गाण्यांतली तफावत कळायला राग ओळखता यावा लागत नाही.

असा चित्रपट निघतो कसा, हेही समजून घेतले पाहिजे. कारण चित्रपट हादेखील एक कारखाना आहे आणि त्यात कोणाच्या पैशाने काय पिकते यावर माल ठरतो. एक काळ असा होता की, नट, गायक, सुतार, रंगारी सारे एका कंपनीचे महिनेवारी नोकर असत. 'प्रभात' कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्यास आली. तिच्या हजेरीपटावर नायक आणि दिवेवाला दोघांचीही नावे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडली. युद्धाच्या काळाबाजारात ज्यांनी पैसा केला त्यांनी तो चित्रपटात घातला, नट कंपन्या सोडून कंत्राटावर काम करू लागले, आणि एका नटाचा भाव सबंध कारखान्याच्या पगारापेक्षा जड झाला. 'प्रभात' १९५३ साली बंद पडली. त्यानंतर निर्माता म्हणजे वितरकाकडून आगाऊ उचल घेणारा मध्यस्थ, अशी स्थिती आली. वितरक विचारणार, नट कोण? गाणी किती? मारामारी आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे जुळली की पैसा.

ज्यांना या प्रश्नांची उत्तरे द्यायची नव्हती त्यांच्यासाठी सरकारने १९६० साली चित्रपटांना कर्ज देणारे एक महामंडळ काढले, आणि १९६९ सालच्या मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'नंतर त्या कर्जातून नवे चित्रपट निघू लागले. त्यांतले पुष्कळसे गंभीर होते; काही इतके गंभीर की ज्या कामगारांविषयी ते काढलेले, तो कामगार मध्यंतरात उठून जाई. या दोहोंच्या मधून एक तिसरी वाट निघाली. बासू चटर्जींचा 'रजनीगंधा' १९७४ चा. त्यांच्याच 'पिया का घर'मध्ये (१९७२) एका खोलीत राहणाऱ्या नवविवाहितांची कुचंबणा आहे, आणि तो मुळात राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या आपल्या मराठी चित्रपटावरून घेतलेला. साध्या घरातली माणसे, रस्त्यावरचे चित्रण, मोठा नट नाही, गाणी आहेत पण पोशाखी नाहीत. 'चश्मे बद्दूर' हा या वाटेवरचा. गुल आनंद हे त्याचे निर्माते. दिल्लीतच, खऱ्या रस्त्यांवर, तालकटोरा बागेत तो चित्रित केला गेला. आज तो पाहताना रस्ते किती मोकळे आहेत याचेच नवल वाटते. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत जे पूल आणि क्रीडागारे उभी राहिली त्यांच्या आधीची ती दिल्ली आहे.

यात काम करणारी माणसे कोठून आली तेही पाहा. सईबाई दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिकलेल्या, पुण्याच्या आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम केलेल्या, पुढे दिल्ली दूरदर्शनवर नोकरी केलेल्या. दूरदर्शनसाठी त्यांनी 'धुआँ धुआँ' नावाचे एक लहान नाटक केले होते, त्यातून हा चित्रपट वाढला. छायालेखक वीरेंद्र सैनी आणि नट राकेश बेदी हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे जी जागा पूर्वी 'प्रभात'ची होती तेथूनच शिकून बाहेर पडलेले. फारुख शेख हा कायदा शिकलेला माणूस. 'गर्म हवा' (१९७३) या पहिल्या चित्रपटासाठी त्याला साडेसातशे रुपये मिळाले असे सांगितले जाते. म्हणजे पाहा, हा स्वतंत्र चित्रपट खरोखर कशाच्या आधारावर उभा होता? आकाशवाणी, दूरदर्शन, नाट्यविद्यालय, फिल्म इन्स्टिट्यूट या सगळ्या सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्था. कारागीर तेथे तयार झाले म्हणून खाजगी निर्मात्याला ते स्वस्तात मिळाले. हे आम्ही कुरकुरीने म्हणत नाही, हिशेब म्हणून सांगतो. तरुणांना शिकवण्यावर झालेला खर्च वाया गेला असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

जाता जाता आणखी एक. ज्या १९८१ साली हा चित्रपट लागला त्याच साली संसदेने सिनेकामगारांसाठी कायदा केला. लेखी करारावाचून सिनेकामगाराला कामावर घेता येणार नाही, असे त्यात प्रथमच म्हटले. मुंबईच्या सिनेकर्मचाऱ्यांचा महासंघ १९५६ पासून होता. म्हणजे साधा कागद हाती पडायला पंचवीस वर्षे लागली. २०२० सालच्या कामगार संहितेत तो कायदा पुढे मुरवून टाकण्यात आला. असो, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आम्हांला ज्यासाठी हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो ती गोष्ट अजून सांगायचीच आहे. त्या चौघा तरुणांत, कथा सुरू होते तेव्हा, पोटासाठी काम करणारी एकटी नेहा आहे. 'चमको' नावाची धुण्याची पूड घेऊन ती दारोदार फिरते. सिद्धार्थच्या दारात ती येते तो प्रसंग सर्वांना आठवत असेल. बादली मागते, पाणी मागते, मळके कापड मागते आणि पूड किती चांगली याचे पाठ केलेले भाषण करीत ते धुऊन दाखवते. सिद्धार्थची तारांबळ उडते. आपण हसतो ते त्याच्या तारांबळीला. पण तिच्याकडे नीट पाहा. हे भाषण तिने त्या दिवशी किती दारांत केले असेल? अनोळखी बिऱ्हाड, आत एकटा पुरुष, आणि तरीही हसतमुखाने आत जाऊन बादली मागायची, हे तिच्या कामाचे स्वरूप आहे. दीप्ती नवल यांनी ते इतक्या सहजपणे केले आहे की, त्यातले धैर्य आपल्या ध्यानात येत नाही. खऱ्या कामातही ते कोणाच्या ध्यानात येत नाहीच.

घरोघर माल विकणाऱ्या मुलींत आम्ही काही वर्षे संघटनेचे काम केले. त्यांच्याकडे दुकान नसते, गाळा नसतो, यंत्र नसते. मालाची पिशवी कंपनीची. त्यांचे स्वतःचे असे भांडवल एकच, ते म्हणजे लोकांनी दार उघडणे. आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एका मुलीला तिच्या एजन्सीने एके दिवशी 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणून सांगितले. कारण लेखी नाही, तोंडीही नाही. आम्ही खणत गेलो तेव्हा निघाले ते असे: ती ज्या भागात फिरत असे तेथल्या एका सोसायटीतल्या दोन पोरांनी जिन्यात बसून तिच्याविषयी बढाया मारल्या होत्या. ती आपल्याकडे बघून हसली, मग बोलली, मग अमुक झाले, मग तमुक झाले. त्यांतले अक्षर खरे नव्हते. पण ते सोसायटीच्या चिटणिसांच्या कानी गेले, चिटणिसांनी वॉचमनला सांगितले, वॉचमन तिला आत सोडीना. आत सोडले नाही तर विक्री नाही, विक्री नाही तर कमिशन नाही, आणि विभागाची विक्री पडली म्हणून एजन्सीने तिला काढले. आम्ही भांडून तिचे दीड महिन्याचे थकलेले कमिशन मिळवले. काम काही परत मिळाले नाही. त्या पोरांनाही आम्ही गाठले. वाईट मुले नव्हती. एक जण म्हणाला, "काका, आम्ही नुसती मजा केली हो. तिचं नावसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हतं."

'चश्मे बद्दूर'चा उत्तरार्ध नेमका या ठिकाणी येऊन उभा राहतो. सिद्धार्थला नोकरी लागते, लग्नाचे बोलणे सुरू होते, आणि ओमी-जोमोला कळते की त्याची नेहा म्हणजे तीच ती मुलगी. मग आपल्या जुन्या थापा खऱ्या म्हणून ते त्याच्या कानात ओततात. जी गाणी आपण अर्ध्या तासापूर्वी टाळ्या वाजवून ऐकली तीच आता पुरावा म्हणून पुढे केली जातात! सिद्धार्थ त्यावर विश्वास ठेवतो आणि नेहाशी संबंध तोडतो. आमच्या भाषेत सांगायचे तर ही चौकशीवाचून बडतर्फी झाली. आरोपपत्र नाही, खुलासा मागितला नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही. एवढा अर्थशास्त्र शिकलेला मनुष्य, पण आरोपीलाही काही म्हणायचे असते हे त्याला कोणी शिकवलेले दिसत नाही. नायकाला इतका लहान करून दाखवण्याचे धाडस सईबाईंनी केले, आणि तेही प्रेक्षकाला न रागावता. वाईट नजर दूर राहो, हे नाव आम्हांला येथे उमगले. दृष्ट लागते ती शत्रूची नव्हे. पाहिले ते दुसरेच आणि सांगितले ते तिसरेच, अशा आपल्याच मित्रांच्या डोळ्यांची.

यापुढचा भाग आम्हांला तितकासा रुचला नाही. मित्रांना पश्चात्ताप होतो, लीला मिश्रा यांच्या आजीबाई आणि लल्लनमियाँ कटात सामील होतात, खोट्या अपहरणाचा बेत ठरतो आणि खरेच गुंड येऊन मुलीला पळवतात. हशा पिकतो, पण ज्या चित्रपटांची आतापर्यंत टिंगल केली त्यांच्याच गल्लीत चित्रपट शिरतो. जिच्या नावाला बट्टा लागला तिने त्या दोघांना काय सुनावले असते, ते ऐकायला आम्हांला अधिक आवडले असते. दुसरी एक गोष्टही सांगितली पाहिजे. मुलीच्या मागे मागे जाणे, तिचे घर शोधून काढणे, ही त्या काळी नुसती थट्टेची बाब होती. योगायोग पाहा: २०१३ च्या एप्रिल महिन्यात या चित्रपटाची दुरुस्त केलेली नवी प्रत पुन्हा चित्रपटगृहांत लागली, आणि त्याच आठवड्यात फौजदारी कायद्यातली ती दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने कायम झाली, जिच्यामुळे मुलीचा असा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्या दुरुस्तीमागे डिसेंबर २०१२ मधली दिल्लीतलीच घटना होती. तेव्हा आजच्या मुलीने हा चित्रपट पाहताना सुरुवातीचा अर्धा तास हसू आवरले तर तिला दोष देऊ नये. आमच्या मते सईबाई त्या पोरांच्या बाजूच्या नाहीत. त्यांची फजिती होते म्हणूनच आपण हसतो. पण फजिती होऊनही ती पोरे शेवटी सुखरूप सुटतात हेही खरे.

सईबाईंनी दोन वर्षांनी, १९८३ साली, 'कथा' काढला तो जणू याचा राहिलेला जाब देण्यासाठी. शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून तो घेतलेला. येथे दिल्लीचे बिऱ्हाड जाऊन मुंबईची चाळ आली. एका लांब गॅलरीवर उघडणाऱ्या खोल्या, कोणाच्या घरी काय शिजते ते सर्वांना ठाऊक. राजाराम जोशी हा सरळ कारकून (नसीरुद्दीन शाह) आणि त्याच्या खोलीत पाहुणा म्हणून येऊन ठाण मांडणारा बाशू. बाशूचे काम पुन्हा फारुख शेखनेच केले आहे. तोच गोड चेहरा, तेच हसणे, पण हा माणूस थापांवर जगतो. ओमी आणि जोमो थापा मारून उपाशी राहत. बाशू थापा मारून नोकरी मिळवतो, साहेबाच्या घरात शिरतो आणि चाळीतल्या संध्याला फसवून निघून जातो. पुढे संध्या राजारामला आपली सारी हकिगत सांगते आणि तो तिला न झिडकारता लग्नाला उभा राहतो. सिद्धार्थने जे ऐकून पाठ फिरवली, आणि तेही खोटे असताना, ते राजारामने खरे असताना ऐकून घेतले. कासव शर्यत जिंकले की नाही हा प्रश्न सईबाई आपल्याकडे टाकतात. हिंदीतला त्या वर्षीचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

'कथा'ची चाळ कारकुनांची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत जो संप सुरू झाला, ज्यात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले, त्याची चाहूल त्या गॅलरीत लागत नाही. विनोदी चित्रपटाकडून ती अपेक्षा करणे बरे नव्हे. पण गिरणगाव सईबाईंच्या नजरेतून सुटले नव्हते; १९९० च्या 'दिशा'त त्या तेथे गेल्याच. तेथे गावाकडून मुंबईच्या गिरणीत आलेली माणसे एका खोलीत दाटीवाटीने राहतात, आणि गावात राहिलेला एक जण विहीर खणत बसतो. तो चित्रपट हसवण्यासाठी नाही, आणि तो पाहिलेली माणसेही थोडी आहेत. आमच्या सभासदांपैकी ज्यांचे वडील गिरणीत होते त्यांना तो जरूर दाखवावा असा आमचा आग्रह असतो.

'चश्मे बद्दूर'ची नवी प्रत २०१३ साली ज्या शुक्रवारी लागली त्याच शुक्रवारी, ५ एप्रिलला, त्याच नावाचा दुसरा चित्रपटही लागला. डेव्हिड धवन यांनी जुनी गोष्ट उचलून गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर नेऊन ठेवली होती. दोन्ही पाहण्याचा योग आम्हांला आला. नव्यात रंग पुष्कळ, आवाज पुष्कळ, समुद्र तर फुकटचाच. पण उधारीची ती टोचणी त्यात आम्हांला जाणवली नाही, आणि ती नाही म्हटल्यावर मुले थापा का मारतात हेही कळेनासे होते. त्याच वर्षी डिसेंबरात फारुख शेख गेला. रवी बासवानी २०१० सालीच गेला होता, आणि सईद जाफरी २०१५ साली गेले.

अलीकडे आम्ही घरपोच डबे आणि सामान पोचवणाऱ्या मुलांत काम करतो. दोनतीन मुलीही आहेत त्यांत. गेल्या दिवाळीनंतर त्यांना युनियनच्या खोलीत भिंतीवर पडदा लावून जुना 'चश्मे बद्दूर' दाखवला. पोरे सिगारेटच्या प्रसंगाला हसली, लल्लनमियाँला तर शिट्ट्या मिळाल्या. बादली-टॉवेलच्या प्रसंगाला मात्र मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, "हिनं पाणी मागितलं आणि यानं लगेच दिलं बघा!" तिला दिवसभरात कोणी पाणी विचारीत नाही, असे नंतर कळले. चित्रपट संपल्यावर चहा झाला, आणि चर्चा कशावर व्हावी? नेहा दिवसाकाठी किती घरे करीत असेल यावर. एक म्हणाला वीस. दुसरा म्हणाला, प्रत्येक घरात कापड धुऊन दाखवायचे तर वीस होणे शक्य नाही, दहा-बारा झाली तरी खूप. त्या मुलीने चहाचा कप खाली ठेवला, पेन मागून घेतले आणि पावतीच्या पाठीमागे जिने, मजले आणि मिनिटे यांचा हिशेब मांडायला घेतला.